निवेदन : बंद इंटरनेटची तक्रार ग्राहकाच्या संमतीशिवाय ‘मिटली’ म्हणून दाखवू नये

मेहकर, जि. बुलढाणा
दिनांक : 6 ऑक्टोबर 2025

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष,
जिल्हा ग्राहक संरक्षण परिषद, बुलढाणा.

विषय : मेहकर तालुक्यातील घरगुती फायबर इंटरनेटच्या तक्रारी, बंद काळातील भाडेसवलत आणि खोदकामात तुटणाऱ्या केबलबाबत.

अर्जदार : मेहकर शहर, डोणगाव व जानेफळ परिसरातील घरगुती इंटरनेट ग्राहक.

महोदय,

वरील विषयास अनुसरून आम्ही खाली सह्या करणारे ग्राहक सविनय निवेदन सादर करतो की, आमच्यापैकी बहुतेकांकडे एकाच खासगी पुरवठादाराची जोडणी आहे. त्याचे नाव व आमचे तक्रार क्रमांक परिशिष्टात दिले आहेत. हे गाऱ्हाणे एका कंपनीपुरते नसून तक्रारी नोंदविण्याच्या पद्धतीविषयी आहे, म्हणून निवेदनात नाव घातलेले नाही.

2020 च्या टाळेबंदीत पुण्या-मुंबईहून मुले घरी परतली, शाळा मोबाइलवर भरू लागली आणि त्याच सुमारास खांबांवरून फायबर आमच्या घरांत आले. त्याआधी टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवर पावसाळाभर नेट येत-जात असे. त्यामानाने फायबरची पहिली दोन-अडीच वर्षे समाधानाची गेली, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. सकाळी फोन केला की संध्याकाळपर्यंत माणूस दारात यायचा. पुढे जोडण्या वाढल्या, खांबांवर वायरींचे झुबके झाले, स्थानिक फ्रँचायझी बदलली. दुरुस्तीची माणसे मात्र वाढली नाहीत. सहा महिन्यांचे, वर्षाचे पैसे 18 टक्के जीएसटीसह आगाऊ भरलेले असल्याने ग्राहकाला कंपनी सोडूनही जाता येत नाही.

नेट अधूनमधून बंद पडणारच, हे आम्ही समजू शकतो. वादळात वायर तुटते, वानरांच्या उड्यांनी जोड निखळतो. आमचा आक्षेप त्यानंतर जे घडते त्यावर आहे. राउटरवर लाल लाइट लागते. कस्टमर केअरवाले राउटर बंद करून पुन्हा चालू करायला सांगतात. मग तक्रार क्रमांकाचा एसएमएस येतो. एक-दोन दिवसांत दुसरा एसएमएस येतो की आपली तक्रार सोडविण्यात आली आहे. दारात कोणी आलेले नसते आणि लाल लाइट तशीच असते. पुन्हा फोन केला की नवा क्रमांक मिळतो आणि दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

डोणगावातील एका घरचे उदाहरण देतो. तेथे अखेर तंत्रज्ञ आला व त्याने वायरीला पॉवर मीटर लावला. मीटरवर प्रकाशाची पातळी उणे 30 च्याही खाली होती. घरातले यंत्र साधारण उणे 27 पर्यंतच तो प्रकाश पकडू शकते. म्हणजे दोष घरातल्या राउटरचा नव्हता, बाहेर खांबावरच्या जोडात होता. स्प्लायसिंगचे मशीन दुसऱ्या गावी गेलेले असल्याने तो जोड करायला आणखी काही दिवस गेले. ग्राहकाचे नेट आठवड्याहून अधिक काळ बंद राहिले. कंपनीच्या नोंदीत मात्र तेवढ्या काळात वेगवेगळ्या तक्रारी आल्या आणि प्रत्येक ‘वेळेत’ मिटली.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे ट्रायचे, सेवेच्या गुणवत्तेविषयीचे नवे नियम 1 ऑक्टोबर 2024 पासून लागू आहेत. त्यांना गेल्या आठवड्यात वर्ष पूर्ण झाले. तारेवरच्या जोडणीतील बिघाड तीन दिवसांत दुरुस्त न झाल्यास पोस्टपेड ग्राहकाला भाड्यात सूट आणि प्रीपेड ग्राहकाला मुदतवाढ मिळावी, अशी त्यांत तरतूद आहे. परंतु एकाच बिघाडाचे तीन तक्रारींत तुकडे केले, तर कोणताच तुकडा तीन दिवसांचा भरत नाही आणि सवलत देण्याचा प्रसंगच येत नाही. आमच्या माहितीतल्या एकाही घराला आजवर ती मिळालेली नाही.

दाद मागण्याचे पुढचे मार्गही याच नोंदीपाशी अडतात. ट्रायच्या 2012 च्या तक्रार निवारण नियमांनुसार प्रत्येक पुरवठादाराकडे अपील प्राधिकरण असते व त्याने 39 दिवसांत निर्णय द्यायचा असतो. हे प्राधिकरण कोठे आहे, हे ना बिलावर ठळक दिसते, ना स्थानिक कार्यालयात कोणी सांगते. ट्राय स्वतः वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. दूरसंचार सेवेची तक्रार ग्राहक आयोगाकडे नेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये स्पष्ट केले आहे. मात्र तेथे पुरावा म्हणून लागणारी नोंद पुरवठादाराच्याच ताब्यात असते आणि त्या नोंदीत आमचे नेट बंद नव्हतेच.

दुसरा प्रश्न खोदकामाचा. रस्ते, नाल्या आणि नळ योजनांच्या पाइपलाइनसाठी जेसीबी चालतो आणि जमिनीखालची मुख्य केबल तुटून एकदम अनेक वस्त्यांचे नेट जाते. खोदण्यापूर्वी केबलमालकाला सूचना मिळावी यासाठी केंद्र सरकारने 22 मार्च 2023 रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केले. आमच्या भागातील ठेकेदारांना विचारले असता अनेकांनी त्याचे नावही ऐकलेले नव्हते.

बारावीनंतरच्या प्रवेशफेरीत पसंतीक्रम भरण्याची शेवटची तारीख नेट येईपर्यंत थांबत नाही. घरून काम करणाऱ्या मुलांची रजा कापली जाते. हा आता करमणुकीचा प्रश्न राहिलेला नाही.

इंटरनेट कंपन्यांचे परवाने आपल्या कार्यालयाकडे नाहीत, याची आम्हाला जाणीव आहे. परंतु ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये दूरसंचार ही ‘सेवा’ म्हणून स्पष्टपणे नोंदलेली असून, त्याच कायद्याच्या कलम 8 नुसार आपण जिल्हा ग्राहक संरक्षण परिषदेचे अध्यक्ष आहात. त्या नात्याने आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे :

1. परिषदेची बैठक एका महिन्याच्या आत बोलावून तालुक्यातील सर्व इंटरनेट पुरवठादारांना ग्राहक प्रतिनिधींसमोर पाचारण करावे.

2. ग्राहकाच्या मोबाइलवर आलेला ओटीपी घेतल्याशिवाय तक्रार बंद न करण्याचे लेखी आश्वासन पुरवठादारांकडून घ्यावे. तोच बिघाड सात दिवसांत पुन्हा उद्भवल्यास जुनाच तक्रार क्रमांक चालू ठेवावा.

3. 1 ऑक्टोबर 2024 पासून तीन दिवसांहून अधिक काळ बंद राहिलेल्या जोडण्यांची फेरतपासणी करून देय सूट वा मुदतवाढ ग्राहकाच्या खात्यात अर्ज न मागता जमा करण्यास सांगावे.

4. अपील प्राधिकरणाचा पत्ता, फोन व ई-मेल प्रत्येक स्थानिक कार्यालयात मराठीत लावण्यास सांगावे.

5. दुरुस्तीसाठी तालुक्यात पुरेसे तंत्रज्ञ व स्प्लायसिंग मशीन ठेवण्याची आणि वीज गेल्यावर केंद्रातील यंत्रणा चालू राहील इतक्या बॅटरीची हमी पुरवठादारांकडून घ्यावी.

6. सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषद व नगर परिषद यांच्या कार्यादेशात ‘कॉल बिफोर यू डिग’वर आगाऊ सूचना देण्याची अट घालावी व ती न पाळणाऱ्या ठेकेदाराकडून दुरुस्तीचा खर्च वसूल करावा.

7. तहसील कार्यालयात इंटरनेट बंद असल्याच्या तक्रारींची नोंदवही ठेवावी. ग्राहकाने नोंदविलेली तारीख व वेळ तीत राहावी आणि दर तिमाहीला तिची प्रत ट्राय व दूरसंचार विभागाकडे पाठवावी.

यांपैकी दुसरी व सातवी मागणी आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. नेट कधी गेले आणि कधी आले याची नोंद ग्राहकाच्या हाती आली, तर उरलेल्या बहुतेक हक्कांसाठी आम्हाला कोणाच्या दारी जावे लागणार नाही.

एका महिन्यात बैठक न झाल्यास ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 35 अन्वये समान हितसंबंध असलेल्या ग्राहकांच्या वतीने जिल्हा ग्राहक आयोगाकडे एकत्रित तक्रार दाखल करण्याची परवानगी आम्ही मागू. तशी वेळ येऊ नये, ही विनंती.

कळावे,

आपले विश्वासू,
मेहकर, डोणगाव व जानेफळ परिसरातील घरगुती इंटरनेट ग्राहक

सोबत : सह्यांची यादी, तक्रार क्रमांक, एसएमएस व पावत्यांच्या प्रती.

प्रतिलिपी माहितीस्तव व योग्य त्या कार्यवाहीस्तव सादर :
1. मा. सचिव, भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, नवी दिल्ली
2. मा. जिल्हा पुरवठा अधिकारी, बुलढाणा
3. मा. तहसीलदार, मेहकर
4. मा. मुख्याधिकारी, नगर परिषद, मेहकर