रांग मोडलेला नाच

समूहनृत्याला गुण देताना आपण मराठीची प्राध्यापक मंडळी नेमके काय पाहतो? काही वर्षांपूर्वी पेणहून रोह्याला एका स्नेहसंमेलनात परीक्षक म्हणून गेलो होतो. दोन गटांनी ‘झिंगाट’ निवडले होते. एकाची पावले एका मापात पडत होती. दुसरा गट कुंडलिकेकाठच्या गावांतल्या मुलांचा. त्यांची रांग दुसऱ्याच मिनिटाला मोडली. एक जण तर प्रेक्षकांकडे पाठ करूनच नाचत राहिला. ‘सफाईचा अभाव’ असा शेरा मारून मी त्यांचे गुण कापले. तो शेरा आज मला चुकीचा वाटतो.

नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’मध्ये (2016) हे गाणे कुठे येते ते आठवावे. मासेमाराचा मुलगा परश्या नाचतो तो पाटलांच्या दारात, आर्चीच्या भावाच्या वाढदिवसाला. गर्दीत मिसळून नाचण्याची मुभा त्याला आहे. त्या घरात जावई म्हणून पाऊल टाकण्याची नाही. हे अंतर संवादांतून कुणी सांगत नाही, ते नाचातून कळते. देह एकमेकांवर आदळतात, ज्याला जसे सुचेल तसा तो नाचतो आणि त्या गोंधळाच्या आडोशाला दोघांची नजरानजर होते. पुढे लगेच त्यांचे प्रेम उघडे पडते. गर्दीने दिलेला आडोसा गाण्यापुरताच होता.

हीच चाल ‘धडक’मध्ये (2018) हिंदी शब्दांसह आली. कथा उदयपूरला गेली, नृत्यदिग्दर्शन फराह खान यांचे. सफाईच्या कसोटीवर हे चित्रण सरस ठरेल. पण सगळ्यांची पावले एकदम पडू लागली की पाहुणा कोण, यजमान कोण आणि उपरा कोण, हे कळेनासे होते. त्या चित्रपटात जात फिकी पडल्याची तक्रार अनेकांनी पटकथेच्या संदर्भात केली. माझ्या मते ती या गाण्याच्या कवायतीतही दिसते.

‘सैराट’मधली अव्यवस्थाही अखेर रचलेलीच आहे, असा आक्षेप एका सहकाऱ्याने घेतला. मान्य. मुक्तछंदही रचलेलाच असतो. म्हणून त्याला वृत्ताच्या मापाने कुणी मोजत नाही.

आणि आपल्याकडची रीत तरी कोणती? गौरी-गणपतीत आपल्या भागात बाल्या नाच होतो. गायक आणि मृदंगवादक मध्ये बसतात, नाचणारे त्यांच्याभोवती फेर धरतात. बाहेर उभ्या असलेल्याला बराच वेळ पाठीच दिसतात. त्यात कुणाला अवमान वाटत नाही, कारण नाच मधल्या मृदंगाशी बोलत असतो. तिथेही पावले जुळतात, चांगलीच जुळतात. पण ती आतल्या आत जुळतात. प्रेक्षकाकडे तोंड करून उभी राहिलेली रांग ही रंगमंचाची आणि कॅमेऱ्याची गरज आहे. तिलाच आपण नृत्याचा गुण मानून बसलो.

पुढे ही दोन्ही चित्रणे मी एम.ए.च्या वर्गात शेजारी-शेजारी दाखवली. गाण्याचे शब्द तेवढे ‘संहिता’ आणि बाकी सारी सजावट, या आमच्या जुन्या सवयीला त्या तासाला चांगलाच धक्का बसला. तास संपल्यावर मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी जवळ आला. त्या दुसऱ्या गटात तो होता.

“सर, पाठ करून नाचत होतो तो मीच. ढोलकीवाला आमचा मागं बसला होता.”

ढोलकीवाला मला दिसलाच नव्हता.