गुणी पण खोडीचा : घ्यावा की सोडावा?

बाजारात मंदी असली की संध्याकाळी पेढीवर गप्पांना जोर येतो. इचलकरंजीत आमच्या पेढीवरही तेच होते. सुताचे भाव आणि थकलेली उधारी यांवर बोलून झाले की तरुण मंडळी फुटबॉलवर येतात. कोल्हापूर इथून तासाभराच्या अंतरावर आहे आणि तिथल्या पेठांचे फुटबॉलवेड सर्वांना ठाऊक आहे. परदेशातील मोठ्या संघांची खेळाडूंची खरेदी-विक्री सुरू झाली की दरवर्षी एकच वाद निघतो. अमुक खेळाडूच्या पायात जादू आहे, पण त्याचा मिजाज वाईट. पंचांशी भांडतो, सोबत्यांशी पटत नाही, आज आहे तर उद्या नाही. अशाला संघाने घ्यावे की नाही? पोरांचे दोन तट पडतात आणि चहा थंड होतो.

आम्हाला वाटते, हा प्रश्न नुसता खेळाचा नाही. ज्याच्या हाताखाली चार माणसे काम करतात, त्या प्रत्येकासमोर तो कधी ना कधी येतोच. म्हणून व्यापाराच्या पानावर त्याची चर्चा करण्याचे धाडस आम्ही करीत आहोत. आमचे मत आधीच सांगून टाकतो. असा खेळाडू घ्यायला हरकत नाही. मात्र तो येण्यापूर्वी ज्याच्या घरात शिस्त आहे, त्यानेच घ्यावा. लोक खेळाडूचा स्वभाव तपासत बसतात. वास्तविक आधी तपासायला हवे ते खरेदीदाराचे घर.

मँचेस्टर हे नाव आम्हा कापडवाल्यांना फुटबॉलच्याही आधी माहीत झाले. आमच्या गावाला तर 'महाराष्ट्राचे मँचेस्टर' म्हणतात. तेव्हा उदाहरणही त्याच शहरातले घेऊ. नोव्हेंबर १९९२ मध्ये मँचेस्टर युनायटेडने एरिक कँटोना या फ्रेंच खेळाडूला लीड्स संघाकडून १२ लाख पौंडांत विकत घेतले. त्याच वर्षी ॲलन शिअररसाठी ब्लॅकबर्नने ३० लाखांहून अधिक पौंड मोजले होते. मग कँटोना इतका स्वस्त का? जाणकार व्यापाऱ्याला हे सांगायला नको. माल उंची होता, पण डागी म्हणून ओळखला जात होता.

डाग लहानही नव्हते. १९८८ मध्ये त्याने फ्रान्सच्या राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकाला जाहीरपणे शिवी दिली आणि संघातून बाहेर बसला. पुढच्या वर्षी मार्सेकडून खेळताना चेंडू प्रेक्षकांत लाथाडला आणि अंगातला सदरा काढून फेकला. डिसेंबर १९९१ मध्ये पंचावर चेंडू फेकला. शिस्तसमितीने एक महिन्याची बंदी घातली, तेव्हा समितीतल्या एकेका सभासदासमोर जाऊन त्याला मूर्ख म्हणाला. बंदी दोन महिन्यांची झाली आणि या गृहस्थाने खेळच सोडल्याचे जाहीर केले. त्यानंतर तो इंग्लंडला आला, लीड्समध्ये गेला आणि १९९२ मध्ये लीड्सने लीग जिंकली. तरीही त्याच वर्षी लीड्सने त्याला विकून टाकले.

युनायटेडचे व्यवस्थापक ॲलेक्स फर्ग्युसन यांनी हा सौदा डोळे झाकून केला नाही. लीड्सविरुद्ध खेळलेल्या आपल्या बचावपटूंचे मत त्यांच्या कानावर होते. फ्रेंच प्रशिक्षक जेरार उलिये यांच्याकडेही त्यांनी चौकशी केली होती. शिवाय फर्ग्युसन त्या संघात १९८६ पासून होते आणि त्यांचा शब्द शेवटचा असे. युनायटेडने १९६७ नंतर लीग जिंकली नव्हती. १९९३ मध्ये जिंकली, १९९४ मध्ये पुन्हा जिंकली. इकडे विकणाऱ्या लीड्सची घसरण १७ व्या क्रमांकापर्यंत झाली आणि त्या हंगामात परक्या मैदानावर त्यांना लीगचा एकही सामना जिंकता आला नाही.

इथपर्यंतची कहाणी पोरांना आवडते. पण सौद्याचा दुसरा हप्ता अजून भरायचा होता. २५ जानेवारी १९९५ रोजी लंडनच्या सेल्हर्स्ट पार्क मैदानावर कँटोनाला लाल कार्ड मिळाले. बाहेर जाताना एका प्रेक्षकाने त्याला शिवीगाळ केली. कँटोनाने कठड्यावरून उडी मारून त्याला लाथ घातली. शिवी ऐकून घेणे कठीण असते हे आम्हालाही कळते. पण म्हणून लाथ योग्य ठरत नाही. कोर्टाने दोन आठवड्यांचा तुरुंगवास सुनावला. अपिलात त्याऐवजी १२० तास समाजसेवेची शिक्षा झाली. त्या वर्षी युनायटेडने लीग अवघ्या एका गुणाने गमावली आणि एफ.ए. कपचा अंतिम सामना एका गोलने. दोन्ही वेळा कँटोना बाहेर बसलेला. ज्याने १२ लाख पौंड हीच खरेदीची किंमत मानली होती, त्याचा हिशोब इथे चुकला असता.

आता मालकाने काय केले ते पाहा, कारण आमचा मुद्दा तिथेच आहे. फुटबॉल संघटनेची शिक्षा येईपर्यंत युनायटेड थांबले नाही. त्यांनी स्वतःच दोन आठवड्यांच्या पगाराचा दंड केला आणि हंगाम संपेपर्यंत त्याला खेळातून दूर ठेवले. संघटनेने पुढे ती बंदी सप्टेंबरअखेरपर्यंत वाढवली. पण घरच्यांनी त्याला टाकलेही नाही. ऑगस्टमध्ये वैतागून तो इंग्लंड सोडायला निघाला, तेव्हा फर्ग्युसन स्वतः पॅरिसला गेले आणि त्याची समजूत घालून आले. १ ऑक्टोबर १९९५ रोजी तो लिव्हरपूलविरुद्ध परतला आणि गोल केला. त्या हंगामात युनायटेडने लीग आणि कप दोन्ही जिंकले. कपच्या अंतिम सामन्यातला एकमेव गोल कँटोनाचा होता. शिक्षा घरातूनच आणि आधारही घरातूनच. या दोन गोष्टी एकाच हाताने द्याव्या लागतात. ज्याला त्यातली एकच जमते, त्याने या भानगडीत पडू नये.

कँटोनाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. तो रागीट होता, पण कामचुकार नव्हता. सराव संपल्यावरही तो मैदानावर थांबून चेंडूशी झुंजत असे आणि त्याचे पाहून तरुण खेळाडूही थांबू लागले. म्हणूनच फर्ग्युसन त्याला थोडी सवलत देत, तेव्हा बाकीच्यांना ती बोचली नाही. हुनर आणि मेहनत एका माणसात दिसली की सोबती बरेच सोसतात. नुसते हुनर दिसले तर सोसत नाहीत.

आता दुसरी बाजू. लिव्हरपूलने जानेवारी २०११ मध्ये लुईस सुआरेझला घेतले, तेव्हा प्रतिस्पर्ध्याला चावल्याबद्दल त्याच्यावर हॉलंडमध्ये बंदी चालू होती. मेहनतीत तोही कमी नव्हता. डिसेंबर २०११ मध्ये युनायटेडच्या पॅट्रिस एव्हराला वर्णावरून अपशब्द वापरल्याबद्दल तो दोषी ठरला आणि आठ सामन्यांची बंदी आली. आपण अपमान केला नाही, असे त्याचे म्हणणे होते. पण लिव्हरपूलचे खेळाडू त्याचे चित्र छापलेले सदरे घालून मैदानात सरावाला उतरले. घराने चौकशीचा निकाल बाजूला ठेवून आपल्या माणसाची बाजू घेतली. दोन महिन्यांनी त्याने एव्हराशी हात मिळवला नाही, तेव्हा कुठे माफी मागण्याची वेळ आली. एप्रिल २०१३ मध्ये तो पुन्हा एका खेळाडूला चावला आणि दहा सामने बाहेर बसला. पुढच्या हंगामात लीगमध्ये ३१ गोल केले, हेही खरे. मग २०१४ च्या विश्वचषकात तिसऱ्यांदा चावला आणि चार महिन्यांसाठी बंद झाला.

आमचे सांगणे एवढेच आहे की खोड आणि जुलूम यांत फरक करावा. उशिरा येणे, तोंड वाकडे करणे, राग राग करणे या खोडी आहेत. दुसऱ्याच्या रंगावरून, जातीवरून, मुळावरून त्याला हिणवणे ही खोड नव्हे. तिथे ३१ गोल दाखवून हिशोब मिटत नाही. असे शब्द ऐकण्याची वेळ ज्यांच्यावर कधी आली आहे, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

सुआरेझ बार्सिलोनाला गेला आणि लिव्हरपूलची गादी रिकामी झाली. ऑगस्ट २०१४ च्या अखेरीस, खरेदीची मुदत संपत आली असताना, त्यांनी मिलान संघाकडून मारिओ बालोटेलीला १ कोटी ६० लाख पौंडांत घेतले. गंमत अशी की काही आठवड्यांपूर्वीच त्यांच्या व्यवस्थापकाने हा खेळाडू आपल्याकडे येणार नाही, असे ठामपणे सांगितले होते. सतत धावून प्रतिस्पर्ध्याला घेरणे ही त्या संघाची पद्धत आणि बालोटेलीचा खेळ तसा नव्हता. त्यात सोबतचा आघाडीचा खेळाडू डॅनियल स्टरिज जखमी झाला आणि हा एकटा पडला. पूर्ण हंगामात लीगमध्ये एक गोल. आदल्या वर्षी दुसरा आलेला संघ सहावा आला.

मग माणूसच वाईट होता काय? दोन वर्षांनी फ्रान्सच्या नीस संघाने त्याला फुकट नेले. तिथे पहिल्या हंगामात त्याने लीगमध्ये १५ गोल केले, दुसऱ्यात १८, आणि पहिल्याच वर्षी नीस तिसरे आले. लाल कार्डे तिथेही दिसली. माणूस तोच, खोडी त्याच. लिव्हरपूलने घाईत भोक बुजवण्यासाठी घेतले होते, नीसला तो कुठे बसवायचा हे माहीत होते. एकाच सुताचा एकाकडे चांगला ताका निघतो आणि दुसऱ्याकडे गुंता होतो, तसलाच हा प्रकार.

हे सारे आम्ही दुसऱ्यांची चूक दाखवण्यासाठी लिहीत नाही. आम्ही स्वतः हा सौदा करून बसलो आहोत. वीस-बावीस वर्षांपूर्वी आमचे थोडे यंत्रमाग होते. गावात एक जॉबर होता. चालत्या मागाचा आवाज ऐकून बिघाड कुठे आहे ते सांगायचा. दुसऱ्या कारखान्यातून आम्ही त्याला जास्त उचल देऊन आणले. तीन महिने उत्पादन असे वाढले की आम्ही खूश. तो उशिरा यायचा, कामगारांवर ओरडायचा. आम्ही ऐकून न ऐकल्यासारखे केले. एके दिवशी त्याने चौदा वर्षे आमच्याकडे असलेल्या एका वयस्कर विणकराचा सगळ्यांसमोर अपमान केला. आम्ही तिथेच उभे होतो. त्या चाचांनी जॉबरकडे पाहिले नाही, आमच्याकडे पाहिले. आम्ही गप्प राहिलो. पगाराच्या दिवशी त्यांनी आपला हिशोब मागितला आणि सलाम करून निघून गेले. त्यांच्या हातचा ताका कधी बाजारातून परत आला नव्हता. पाठोपाठ आणखी दोघे गेले. वर्षअखेर जॉबरही गेला आणि उचल बुडाली.

बुडालेली उचल वहीत लिहिलेली होती, ती आम्ही कधीच खर्ची टाकली. चाचांची चौदा वर्षे कोणत्याही वहीत नव्हती. ते नुकसान अजून भरून आलेले नाही. दोष जॉबरचा थोडा, आमचा जास्त. त्याच्या स्वभावाची कल्पना आम्हाला आधीपासून होती. आपला स्वभाव मात्र आम्हाला त्या दिवशी कळला.

म्हणून संघ असो वा कारखाना, सौदा करण्यापूर्वी चार प्रश्न स्वतःला विचारावेत. पहिला, हा माणूस नुसता रागीट आहे की कामचुकारही आहे? दुसरा, त्याची खोड इतरांच्या इज्जतीवर हात टाकणारी तर नाही? तिसरा, आपण त्याला जागा पाहून घेत आहोत की गेलेल्या माणसाचे भोक बुजवायला? आणि चौथा, सर्वांत महत्त्वाचा : ज्या दिवशी तो लाथ घालील, त्या दिवशी पहिली शिक्षा आपण स्वतः देऊ शकू काय, आणि शिक्षा देऊनही त्याला आपला म्हणू शकू काय? चौथ्याचे उत्तर 'हो' येत नसेल, तर तो कितीही स्वस्त मिळत असला तरी आपल्यासाठी महागच आहे.

पेढीवरच्या पोरांना आम्ही हेच सांगितले. त्यावर एकाने विचारले, "चाचा, मग आज तो जॉबर परत आला तर घ्याल काय?" आम्ही थोडा वेळ विचार केला आणि म्हटले, घेऊ. पण पहिल्याच दिवशी त्याला कामगारांसमोर उभे करून सांगू की इथे माग तुझ्या हाती आहेत, माणसे आमच्या. त्याला ते मंजूर नसेल तर चहा पाजून सलामतीने परत पाठवू.