पेटीचे गोत्र

विष्णु दिगंबर पलुस्कर यांची जयंती 18 ऑगस्टला, आणि पुण्यतिथी त्यानंतर तीनच दिवसांनी, 21 ऑगस्टला. कुरुंदवाडला जन्मलेला हा मुलगा. फटाक्याच्या अपघातात डोळे अधू झाले म्हणून उपचारासाठी मिरजेला आला आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकला. पुढे 5 मे 1901 रोजी त्याने लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. 1931 साली पलुस्करबुवा गेल्यावर शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. त्या मंडळाचे संकुल आज नवी मुंबईतल्या वाशीत आहे. इथले नाट्यगृहही सांगलीच्या नाटककार विष्णुदास भाव्यांच्या नावाचे. सिडकोने खाडीकाठी वसवलेल्या या गावाला कृष्णाकाठाने दोन विष्णू दिले, असे म्हणायला हरकत नाही.

जयंतीच्या निमित्ताने गाणे होते, भाषणे होतात. वाद्यांची मात्र आपण नुसती नावे घेतो. कोण कोणाचे नातलग, हे सहसा कोणी विचारत नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात याचे उत्तर फार पूर्वीच दिलेले आहे: तारेचे ते तत, वाऱ्याचे ते सुषिर, चामड्याने मढवलेले ते अवनद्ध आणि टाळ-झांजेसारखे ठोस ते घन. वाद्य कशाचे बनले, कसे दिसते, कोण वाजवते, याला इथे महत्त्व नाही. नाद कशाच्या कंपनातून उठतो, एवढेच बघायचे. युरोपला हा विचार पटायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. कोलकात्याच्या शौरींद्रमोहन टागोरांनी बेल्जियमच्या राजाला भारतीय वाद्यांचा मोठा संग्रह भेट दिला होता. ब्रुसेल्सच्या वाद्यसंग्रहालयाचे प्रमुख व्हिक्टर माहियों यांच्या हाती तो आला आणि 1880 साली त्यांनी आपली सूची याच चार वर्गांवर बेतली. 1914 साली हॉर्नबोस्टेल आणि झाक्स यांनी तीच चौकट वाढवून जगभर रूढ केली.

ही कसोटी लावली की नाती अनपेक्षित निघतात. मिरजेचा तंबोरा आणि पालघरच्या वारल्यांचा तारपा, दोघांच्या अंगी भोपळाच. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा कडक सालीचा भोपळा मिरजेत येतो. एकोणिसाव्या शतकात तिथल्या शिकलगारांनी हत्यारांचे काम सोडून तंतुवाद्ये घडवायला घेतली. आता मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पण तंबोऱ्यात भोपळा तारेचा नाद फक्त वाढवतो. तारप्यात तो फुंकलेला वारा साठवून नळ्यांकडे पाठवतो आणि नळीतली बांबूची पातळ जीभ थरथरून बोलते. भोपळा एक, कुळे दोन. उलट तारप्याचे खरे भाऊबंद कोण, तर बैठकीतली पेटी. तिच्या पोटात भात्याच्या वाऱ्यावर पितळी रीड थरथरते. आदिवासी पाड्यावरचे वाद्य आणि संगीत नाटकाच्या पिटातले वाद्य एकाच सुषिर घरातले! हे सोयरपण मान्य करायला आपल्याकडे पुष्कळांना जड जाईल.

पेटीला तसे कोणीच सहज घरात घेतले नव्हते. पॅरिसच्या दबेंने 1842 साली पेटंट घेतलेले हे वाद्य इथे येऊन मांडीशी बसले, गोविंदराव टेंब्यांच्या हाती ते गायला लागले. तरीही 1940 साली रेडिओने त्यावर बंदी घातली आणि ती सुमारे तीन दशके टिकली. मींड निघत नाही, श्रुती बांधलेल्या, हे आक्षेप खोटे नव्हते. पण दोष सांगणे वेगळे आणि वाळीत टाकणे वेगळे.

आज तीच पाळी बेंजोवर आहे. वाशी गावठाणापासून कोपरखैरण्यापर्यंत आगरी-कोळी हळद त्याच्याशिवाय होत नाही. टाइपरायटरसारख्या कळा पाहून कोणाला तो पेटीच्या जातीचा वाटेल, पण कळ तार दाबते आणि नखीने तार छेडली जाते. म्हणजे तो सतारीच्या घरचा, तत. त्याचा पूर्वज जपानी, 1912 च्या सुमारास नागोयात जन्मलेला ताइशोगोतो. पेटी फ्रेंच, बेंजो जपानी; एक मैफलीत पोचली, दुसरा वरातीत राहिला. हळदी-वरातीतल्या स्पीकरच्या भिंतींचा त्रास खरा आहे आणि त्याला नियम हवेतच. मात्र तो गुन्हा स्पीकरचा आहे, तारेचा नव्हे. फ्लॅटमध्ये जागा नाही म्हणून तंबोऱ्याऐवजी विजेचा डबा लावणाऱ्या आम्ही शहरी रसिकांनी तरी बेंजोच्या विजेवरून नाक मुरडू नये.

तेव्हा सुचवावेसे वाटते ते एवढेच, की पलुस्करांच्या आठवड्यात वाशीत एक संध्याकाळ वाद्यांच्या कुळांसाठी ठेवावी. बुवांनी गाणे दरबारातून काढून तिकिटाच्या सभागृहात आणले, सामान्यांच्या मुलामुलींना वर्गात बसवले. त्यांच्या नावाने हे करणे अस्थानी ठरणार नाही. सतारीशेजारी बेंजो, पेटीशेजारी तारपा, पखवाजाशेजारी गोंधळ्याचा संबळ बसवावा आणि वादकांनाच बोलते करावे. काचेआड ठेवलेल्या वाद्याचे कूळ कळत नाही. यल्लम्माच्या जोगत्यांचे चौंडकेही बोलवावे: त्याच्या एका तोंडाला चामडे मढवलेले, चामड्यातून निघालेली तार हाताने ताणायची आणि छेडायची. ते तत की अवनद्ध, यावर जाणकारांचे अजून एकमत नाही. निदान वाद घालायला तरी वाशीकर येतील.