सही करण्यापूर्वी



नागपुरात तक्रारदार बायकांबरोबर पोलीस ठाण्यात जाते तेव्हा मला हा प्रश्न ऐकू येतो, "ताई, मशीनवर बसले तर माझं खरं मानतील का?"

लाय डिटेक्टर खोटे पकडत नाही. तो श्वास, नाडी, रक्तदाब आणि घाम यांतले बदल टिपतो. घाबरलेल्या बाईचे हे सारे बदलतेच.

जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने खुनाच्या खटल्यात एका विद्यार्थिनीला जन्मठेप दिली. पुराव्यात तिच्या मेंदूच्या लहरींची चाचणीही धरली होती. चाचणीला तिची संमती होती. पण तपासाच्या फेऱ्यात सापडलेली बाई 'नाही' म्हणू शकते का?

५ मे २०१० रोजी सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने लाय डिटेक्टर, नार्को व ब्रेन मॅपिंगची सक्ती घटनाविरोधी ठरवली. लैंगिक अत्याचार सोसलेल्या तक्रारदार स्त्रीवरही ती करता येत नाही. लाय डिटेक्टरसाठी आरोपीची संमती वकिलाशी बोलू दिल्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरच नोंदवायची असते.

तेव्हा ठाण्यात कुणी संमतीचा कागद पुढे केला, तर बाईच्या शेजारी उभे राहून आपण विचारू या, वकील कुठे आहे? पुरावा शोधणे हे पोलिसांचे काम आहे. त्यासाठी बाईने अग्निपरीक्षा का द्यावी?