हप्त्याची मालमोटार : मालक कोण?

पुणे-बंगळूर महामार्गावरील निपाणी, संकेश्वर, बेळगाव या आमच्या सीमाभागातील गावांत अनेक मराठी घरांची चूल मालवाहतुकीवर पेटते. निपाणीची तंबाखू, कारखान्यांचा ऊस व साखर, बेळगावच्या फौंड्रींतील ओतीव माल, गोव्याकडे जाणारी भाजी हे सारे वाहून नेणारा मनुष्य आरंभी बहुधा दुसऱ्याच्या गाडीवर चालक असतो. दहा-बारा वर्षे दुसऱ्याची गाडी चालविल्यावर स्वतःची असावी असे त्याला वाटले, तर त्यात वावगे काही नाही. परंतु ती हप्त्याने घेताना तो ज्या कागदांवर सही करतो, त्यांविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते. कारण सही एकाची असली तरी भार साऱ्या घरावर येतो.

भाडे-खरेदीच्या करारात शेवटचा हप्ता फिटेपर्यंत गाडीची मालकी पैसे पुरविणाऱ्या संस्थेकडेच राहते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली हे तत्त्व पुन्हा स्पष्ट केले. उलट १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात, अशा कराराखाली गाडी ज्याच्या ताब्यात असेल त्यालाच ‘मालक’ म्हटले आहे. म्हणजे कर, दंड आणि अपघाताची भरपाई यांच्या वेळी मालक चालक; आणि हप्ते थकले की मालक संस्था! आज पुष्कळ ठिकाणी भाडे-खरेदीऐवजी तारणकर्ज दिले जाते. त्यात गाडी कर्जदाराच्या मालकीची असली, तरी ती ताब्यात घेण्याचे कलम तेथेही असतेच. ठराविक मोठा भाग फेडणाऱ्याची गाडी न्यायालयाच्या परवानगीवाचून ओढून नेता येऊ नये, अशी तरतूद असलेला भाडे-खरेदी कायदा संसदेने १९७२ साली संमत केला होता. पण तो कधी अमलात आलाच नाही, आणि पुढे रद्दही झाला.

आता व्याजाकडे पाहू. दहा लाखांचे कर्ज, चार वर्षांची मुदत आणि ‘फ्लॅट’ दहा टक्के व्याज, असे सांगितले जाते. चार वर्षांचे व्याज चार लाख, एकूण चौदा लाख, महिना हप्ता सुमारे २९,१६७ रुपये. ऐकावयास हे सोपे वाटते. परंतु मुद्दल दरमहा कमी होत असूनही व्याज अखेरपर्यंत पूर्ण दहा लाखांवर धरलेले असते. उरलेल्या मुद्दलावर हिशेब केल्यास हाच दर साडेसतरा टक्क्यांच्या आसपास जातो. शिवाय उसाचा हंगाम संपला आणि पावसाळा लागला की भाडी कमी होतात. हप्ता मात्र बाराही महिने तेवढाच राहतो. डिझेल, टायर, विमा व दुरुस्ती वजा जाता मंदीच्या महिन्यात काय उरते, याचा हिशेब आधी घरी बसून करावा. भरभराटीच्या महिन्यावरून हप्ता ठरवू नये.

याहून अधिक धोक्याचा एक प्रकार आहे. मालक आपली कर्जाऊ गाडी चालकालाच देतो. ‘तू हप्ते भर, फिटले की गाडी तुझी,’ असा शब्द होतो. फार तर एक मुद्रांकित कागद होतो. नोंदणीपुस्तिकेवर नाव जुन्या मालकाचेच राहते आणि संस्थेची संमती घेतलेली नसते. चालक वर्षानुवर्षे हप्ते भरतो. परंतु मधल्या काळात मालक मरण पावला, त्याची नियत फिरली किंवा त्याचे दुसरे कर्ज थकले, तर भरलेल्या पैशांवर हक्क सांगणे फार कठीण जाते. मालकही सुरक्षित नसतो; अपघात झाला तर नोंदणीवर ज्याचे नाव त्यालाच जबाबदार धरावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले आहे. हे दुखणे केवळ आपलेच नव्हे. अमेरिकेत वाहतूक कंपन्या चालकांना अशाच रीतीने गाड्या देतात. तेथील सरकारने नेमलेल्या अभ्यासगटाने २०२५ साली ही पद्धत बंदच करावी, अशी शिफारस केली.

मग आपण काय करावे? सीमाभागातील आमच्या मंडळींची मोठी अडचण भाषेची असते. करार इंग्रजीत, कार्यालयातील बोलणे कधी कन्नडमध्ये, आणि सही करणारा मराठी शाळेत शिकलेला. येथे एक गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवावी. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जांत प्रमुख बाबींचा एक तक्ता, कर्जदाराला समजेल अशा भाषेत, देणे बंधनकारक आहे. त्यात सर्व आकारांसह खरा वार्षिक दर लिहावा लागतो, आणि त्या अटी निदान तीन कामकाजाचे दिवस कायम राहतात. तेव्हा तो तक्ता मराठीत मागावा, घरी आणावा, आणि पत्नीने किंवा शिकत्या मुलामुलीने तो मोठ्याने वाचून दाखवावा. सहकर्जदार वा जामीन म्हणून ज्यांची सही होणार, त्यांनी तर तो वाचल्यावाचून लेखणी हाती धरूच नये. भिडेखातर दिलेली जामीनकी पुढे दोन घरांचे संबंध तोडते.

गाडी ताब्यात घेण्यापूर्वी किती दिवसांची सूचना मिळेल, आणि विक्रीपूर्वी पैसे भरण्याची अखेरची संधी कशी मिळेल, हे करारात लिहिलेले असलेच पाहिजे. वाद झाल्यास लवाद कोणत्या शहरी बसेल, हेही पाहावे. निपाणीच्या माणसाला चेन्नईला खेपा घालणे परवडत नाही. वसुलीसाठी गुंड पाठविणे बेकायदा आहे. तसे घडल्यास पोलिसांत आणि रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. हप्ता रोखीने भरल्यास पावती घ्यावी, आणि सर्व पावत्या जपून ठेवाव्यात. अखेरचा हप्ता भरल्यावर संस्थेचा ना-हरकत दाखला आणि नमुना ३५ घेऊन, नोंदणीपुस्तिकेवरील तिचे नाव परिवहन कार्यालयातून काढून घ्यावे. ते निघेपर्यंत गाडी पूर्णपणे आपली झाली, असे समजू नये.