मास्तरकी सोडली म्हणून माझा सत्कार झाला

परवाच्या रविवारचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील. डोक्यावर फेटा, खांद्यावर शाल, हातात काचेचं स्मृतिचिन्ह आणि चेहऱ्यावर मावेना इतका आनंद, तो मीच. आपल्या अध्यापक महाविद्यालयाचा 'गुणवंत माजी विद्यार्थी गौरव समारंभ'. शे-दीडशे जणांनी अभिनंदन केलं. सगळ्यांचे मनापासून आभार. पण आज जे लिहितोय ते वाचून काही जण अभिनंदन मागे घेतील. घ्या. माझी हरकत नाही.

ते स्मृतिचिन्ह चार दिवस दुकानात गल्ल्यामागे ठेवलंय. त्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलंय, 'शिक्षण क्षेत्राचा नावलौकिक वाढवल्याबद्दल'. माझं दुकान टाइल्स आणि सॅनिटरीचं आहे. काल एक गिऱ्हाईक कमोडचा भाव विचारता विचारता ते वाचत थांबलं आणि म्हणालं, "शेठ, तुम्ही मास्तर होता होय?" मी म्हटलं, "होतो. चार वर्षं." ते म्हणालं, "मग सोडलं का?" आणि त्या प्रश्नापाशी मी अडकलोय.

आधी मंचावर कोण कोण होतं ते सांगतो. आम्ही अकरा जण. एक उपजिल्हाधिकारी, एक पोलीस निरीक्षक, दोन क्लासेसचे मालक, एक पतसंस्थेचे अध्यक्ष, एक जिल्हा परिषदेचे माजी सदस्य, एक शिक्षणसंस्था चालवणारे, एक बँकेत, एक विम्यात, एक पुण्यात आयटीत आणि अकरावा मी. माणसं चांगली आहेत, कष्टाने वर आलेली आहेत, कुणाबद्दल आकस नाही. पण मोजून बघा. बी.एड. कॉलेजने निवडलेल्या अकरा 'गुणवंतां'त आज सकाळी शाळेत जाऊन हजेरी घेणारा, फळ्यावर तारीख लिहिणारा एकही माणूस नाही. एकही!

मेडिकल कॉलेजने अकरा माजी विद्यार्थ्यांचा सत्कार केला आणि त्यात एकही डॉक्टर नसला, तर आपण काय म्हणू? हसू ना? इथे कुणी हसलं नाही. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

आता माझं 'कर्तृत्व'. आमची बॅच २००१-०२ ची. तेव्हा बी.एड. एका वर्षाचं होतं. पाठ टाचणं काढली, सराव पाठ घेतले, तक्ते रंगवले, फर्स्ट क्लास मिळाला. नोव्हेंबर २००१ मध्येच सरकारने ठरवलं होतं की नव्या शाळांना परवानगी मिळेल ती 'कायम विनाअनुदानित' म्हणून. म्हणजे शाळा काढा, मुलं शिकवा, पगाराचं आम्हाला विचारू नका. अशाच एका शाळेवर मी आणि माझी एक वर्गमैत्रीण रुजू झालो. मी भूगोल आणि इतिहास, ती गणित आणि विज्ञान. पगार शून्य. "अनुदान येईल, तोवर धीर धरा." चार वर्षं धीर धरला. सकाळी शाळा, संध्याकाळी शिकवण्या. घरी लग्नाचा विषय निघाला की पाहुणे विचारायचे, "पगार किती?" २००६ मध्ये धीर संपला. मेहुण्याने भांडवल दिलं आणि मी टाइल्सचं दुकान टाकलं. चाललं. हेच माझं कर्तृत्व.

ती थांबली.

२००९ मध्ये सरकारने 'कायम' हा शब्द काढला. शब्द गेला, पैसा आला नाही. २०१६ मध्ये २० टक्क्यांचा टप्पा मिळाला. म्हणजे रुजू झाल्यापासून चौदा वर्षांनी पहिला सरकारी पगार, तोही पाचवा हिस्सा. पुढच्या टप्प्यांसाठी आझाद मैदानावर बसली, पावसात बसली. पण दहावीचा गणिताचा तास बुडवला नाही. आंदोलनाला जायचं तर आधीच्या रविवारी जादा तास घ्यायची. माझ्या दुकानात माल उतरवणाऱ्या भाऊंची मुलगी तिच्याकडे शिकली. आठवीत अपूर्णांक येत नव्हते, त्या मुलीला शाळा सुटल्यावर बसवून बसवून शिकवलं. आज ती नर्सिंगला आहे. अशा किती, ते तिलाही मोजता येणार नाहीत.

रविवारी ती सभागृहात होती. चौथ्या रांगेत, कडेला. कारण माजी विद्यार्थी संघाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'सर्वांनी उपस्थित राहून शोभा वाढवावी' असा मेसेज होता. ती शोभा वाढवायला आली होती. नाव लिहीत नाही, तिला ते आवडणार नाही. कार्यक्रम संपल्यावर भेटली. म्हणाली, "फेट्यात छान दिसत होतास." मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "खरं तर तुझा व्हायला हवा होता." हसली आणि म्हणाली, "अरे, तुझं बरं झालं. वेळेवर सुटलास."

सुटलास. जेलमधून सुटतात तसं.

मित्रांनो, बी.एड. झालेल्यांना आठवत असेल, सूक्ष्म अध्यापनात आपल्याला 'प्रबलन कौशल्य' शिकवलं होतं. सहा-सात मिनिटांचा पाठ, समोर आपलेच वर्गमित्र विद्यार्थी बनून बसलेले, मागे निरीक्षण वही घेऊन सर. मुलाने बरोबर उत्तर दिलं की 'शाब्बास' म्हणायचं, मान हलवायची, उत्तर फळ्यावर लिहायचं. का? कारण ज्या वागण्याला शाबासकी मिळते ते वागणं मूल पुन्हा करतं. हे आम्हाला याच कॉलेजने, याच सभागृहात शिकवलं.

आता त्या सभागृहात रविवारी कोण बसलं होतं? बी.एड.च्या पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाची मुलं-मुली. साड्या नेसून, ब्लेझर घालून, शाल-श्रीफळाची ताटं धरून. त्यांच्यासमोर अकरा वेळा 'शाब्बास' म्हटलं गेलं. अकराही वेळा अशा माणसाला, जो वर्गात नाही. मुलं हुशार आहेत. धडा त्यांना बरोबर कळला: इथे शिका आणि जमेल तितक्या लवकर इथून सटका.

आणि सूत्रसंचालन कोण करत होतं? कॉलेजच्याच एक मॅडम, त्याही याच कॉलेजच्या माजी विद्यार्थिनी. नेट झालेल्या, पीएच.डी. झालेल्या, कित्येक वर्षं तासिका तत्त्वावर. तासाला पैसे, सुट्टीत शून्य. आम्हा अकरा जणांचा परिचय त्यांनी इतका सुंदर करून दिला की मलाच वाटलं, हा कोण थोर माणूस आहे! त्यांचा परिचय कुणी करून दिला नाही. आभारप्रदर्शनात मंडपवाल्याचं नाव आलं, माइकवाल्याचं आलं. त्यांचं राहिलं.

आता ही अकरा नावं कशी निवडली, तेही सांगतो. समारंभाच्या पंधरा दिवस आधी मला फोन आला. "सर, संघातर्फे आपला सत्कार ठरलाय." आनंद झाला. आठ दिवसांनी दुसरा फोन, "सर, संघाला काही सहकार्य झालं तर..." मी ११ हजार दिले. कुणी बळजबरी केली नाही. मीच दिले, खुशीने दिले. माझ्यापुरता हिशेब असा: अकरा हजारांत फेटा, शाल, काचेचं स्मृतिचिन्ह आणि अर्धा तास मोठेपणा. चौथ्या रांगेतल्या बाईंना तो फोन जाणार नव्हता. अर्ध्या पगारावर तीन माणसांचं घर चालवणारी बाई काय सहकार्य करणार?

दुसरं कारण कॉलेजमधल्याच एकाने कानात सांगितलं. नॅक. नॅकच्या पाचव्या निकषात माजी विद्यार्थ्यांचा सहभाग बघतात. संघ नोंदणीकृत आहे का, संघाने संस्थेला काय दिलं. मूळ हेतू चांगला आहे. पण आपल्याकडे चांगल्या हेतूचीही फाईल होते, आणि फाईलला फोटो लागतो. दिव्याच्या गाडीतून उतरणारा माजी विद्यार्थी फोटोत उठून दिसतो. एस.टी.तून उतरून, पिशवीत पेपरांचा गठ्ठा घेऊन येणारी बाई उठून दिसत नाही.

आता तुमच्यातले काही जण म्हणतील ते मीच म्हणतो.

"अधिकारी झालेल्यांनी कॉलेजचं नाव नाही का काढलं?" काढलं. त्यांचाही सत्कार करा. पण त्यांना घडवलं स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाने. बी.एड. कॉलेजची परीक्षा बी.एड.च्या कामावरच होणार ना?

"शिक्षकांसाठी ५ सप्टेंबर आहेच की." आहे. आणि त्या पुरस्कारासाठी शिक्षकालाच स्वतःचा प्रस्ताव करावा लागतो. मी किती चांगला आहे याची फाईल, फोटो, कात्रणं, दाखले. जो खरंच वर्गात बुडालेला असतो त्याच्याकडे कात्रणं कुठून येणार? कॉलेजकडे मात्र त्याचं नाव आहे, पत्ता आहे, बॅचचं रजिस्टर आहे. दोन फोन लावले तर कळेल कोण कुठे काय करतंय.

"शिकवण्यात कर्तृत्व मोजायचं कसं?" २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं ते सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्या रणजितसिंह डिसले गुरुजींना. दहा लाख डॉलर. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी बाकीच्या अंतिम नऊ शिक्षकांना वाटली. सातासमुद्रापारच्या लोकांना परितेवाडीतला वर्ग मोजता आला. आपल्याला आपल्या तालुक्यातला मोजता येत नाही?

"वर्गात टिकणारे आहेत तरी किती?" हा प्रश्न खरा आहे आणि तोच मला टोचतो. मे २०१२ मध्ये शिक्षकभरती बंद झाली. २०१३ पासून टीईटी आली. त्याच टीईटीत पुढे घोटाळा निघाला आणि सात हजारांहून जास्त उमेदवार अपात्र ठरले. प्रामाणिकपणे अभ्यास केलेल्यांकडेही लोक संशयाने बघू लागले. २०१७ मध्ये अभियोग्यता चाचणी झाली, पुढची थेट २०२३ मध्ये. लागलाच नंबर, तर आधी तीन वर्षं शिक्षणसेवक. २०२२ संपेपर्यंत माध्यमिकच्या शिक्षणसेवकाला महिन्याला ८ हजार मिळायचे, २०२३ पासून १८ हजार. दरम्यान बी.एड. एकाचं दोन वर्षांचं झालं. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पहिली ते पाचवीच्या नोकरीसाठी बी.एड. चालणार नाही. इतक्या गाळण्यांतून पार होऊन जो आज वर्गात उभा आहे, त्याच्यापेक्षा मोठा 'गुणवंत' कुठून आणणार?

त्या मंचावर सुरुवातीला सावित्रीबाईंच्या प्रतिमेला हार घातला. नेहमी घालतात. १६ नोव्हेंबर १८५२ ला पुण्यात विश्रामबागवाड्यात जोतीरावांचा जाहीर सत्कार झाला होता. शाली दिल्या होत्या. कशासाठी? मुलींच्या शाळा काढल्या आणि चालवल्या म्हणून. ज्या सरकारला आपण परकं म्हणतो त्यालाही एवढं कळत होतं की शिक्षणाची शाल शिकवणाऱ्याच्या खांद्यावर पडायला हवी. आपण मात्र त्याच सावित्रीबाईंना साक्षी ठेवून टाइल्सवाल्याला शाल घातली.

असो. नुसती टीका करून पळणार नाही. कॉलेजला आणि संघाला माझं मागणं साधं आहे.

पुढच्या वर्षी सत्कारमूर्तींत निम्मे तरी पंधरा वर्षांहून जास्त काळ वर्गात असलेले हवेत. नावं सुचवायची ती त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी. ज्याचा सत्कार, त्याच्याकडून एक रुपयाही घ्यायचा नाही. समारंभ कॉलेजच्या एसी सभागृहात नको, त्या शिक्षकाच्या शाळेत करा, त्याच्या मुलांसमोर. आणि कॉलेजच्या दर्शनी भागात एक तक्ता लावा: कोणत्या बॅचचे किती जण शिकवतायत, किती जणांना पूर्ण पगार आहे, किती वाट बघतायत, किती माझ्यासारखे सुटले. नॅकला दाखवायचा असेल तर तो तक्ता दाखवा. आणि तासिकेवरच्या मॅडमचं मानधन थकलं असेल तर पुढच्या फेट्यांची ऑर्डर द्यायच्या आधी ते द्या.

हे केलंत तर पुढच्या वर्षी मी ११ नाही, २१ हजार देतो. खाली बसून टाळ्या वाजवतो. पहिल्या रांगेतही नको, चौथ्या रांगेत कडेला जागा चालेल.

आणि हे सगळं रविवारी मंचावर माइक हातात असताना का बोललो नाही? कारण फेटा छान बसला होता. खरं कारण तेवढंच. लाज वाटते, पण खरं आहे.

आता तुम्ही एक करा. आपल्या कॉलेजमधून बी.एड. झालेलं आणि आजही रोज वर्गात उभं राहणारं कुणी माहीत असेल, तर त्यांना विचारून त्यांचं नाव, शाळा आणि शिकवायला लागल्याचं वर्ष खाली लिहा. पहिलं नाव मी लिहिणार होतो. तिला फोन केला, तर म्हणाली, "आत्ता नको, तास सुरू आहे."