फळ्यावरच्या तीन ओळी

आमच्या महाविद्यालयात जिन्याखाली एक काळा फळा आहे. त्यावर रोज सकाळी तीन गोष्टी लिहिल्या जातात : आजचा शब्द, दिनविशेष आणि सुविचार. गेले वर्षभर हे काम माझ्याकडे आहे. माझी निवड कशी झाली याबद्दल कोणाचा गैरसमज नको, म्हणून सांगून टाकतो. वाङ्मय मंडळाच्या पहिल्या बैठकीत सरांनी विचारले, "अक्षर कुणाचं बरं आहे?" आणि शेजाऱ्याने माझा हात धरून वर केला. विद्वत्तेचा संबंध इथेच संपतो.

हा फळा कोणी वाचत नाही, असे सगळेच म्हणतात. ते खरे नाही. जिना चढताना प्रत्येकाची नजर त्यावरून जाते. आणि असे जाता-जाता वाचलेलेच डोक्यात घट्ट बसते, कारण त्याच्याशी आपण भांडत नाही. वर्गात सरांनी काही सांगितले तर एखादा तरी "पण सर..." म्हणून उठतो. फळ्याला कोणी 'पण' म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच, की या तीन ओळी आपण फार स्वस्तात लिहितो आणि त्याहूनही स्वस्तात वाचतो.

हे शहाणपण मला आपोआप सुचलेले नाही. गांधी जयंतीच्या आठवड्यात मी सुविचार लिहिला. जगात जो बदल पाहायचा तो आधी स्वतः व्हावे, अशा अर्थाचे ते वाक्य सर्वांना ठाऊक आहे. खाली 'महात्मा गांधी' असे लिहून मी हात झटकले. दुपारी ग्रंथपाल सरांनी बोलावले.

"हे बापूंनी कुठं म्हटलंय?"

"सर, ते सगळीकडे आहे."

"सगळीकडे म्हणजे कुठं?"

मला उत्तर देता येईना. पहाटे मोबाईलवर आलेल्या संदेशातून ते उतरवले होते, हे सांगायचे धैर्यही होईना. मग सरांच्याच मदतीने शोध सुरू झाला. गांधीजींच्या संकलित वाङ्मयाचे इंग्रजीत शंभर खंड आहेत, ही माहिती मला त्या दिवशी प्रथम कळली. ते चटपटीत वाक्य त्या शंभर खंडांत नाही. मात्र त्याच्या जवळ जाणारा एक विचार आहे. १९१३ साली दक्षिण आफ्रिकेत असताना गांधीजी 'इंडियन ओपिनियन'मध्ये आरोग्यावर एक लेखमाला लिहीत होते. तिच्यातल्या सर्पदंशावरच्या लेखात ते म्हणतात, की आपल्याला स्वतःला बदलता आले तर जगाची प्रवृत्तीही बदलेल; इतर काय करतात याची वाट पाहायचे कारण नाही. सर्पदंशावरच्या लेखात! साप आणि माणूस यांच्यातील वैराबद्दल लिहिता लिहिता आलेला तो विचार आहे. तो मूळ जागी वाचला तेव्हा मला त्या गुळगुळीत सुविचारापेक्षा शंभरपट आवडला. त्याला मागचे-पुढचे आहे, त्यात एक माणूस विचार करताना दिसतो. आपण मात्र त्याची सगळी हाडे काढून नुसती गोळी करून वाटतो.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर दुरुस्ती लिहिली. एक मित्र म्हणाला, "अरे, विचार चांगला आहे ना? मग कुणी म्हटला त्यात काय एवढं?" हा युक्तिवाद मला अजूनही पटत नाही. विचार स्वतःच्या बळावर उभा राहत असेल तर खाली गांधीजींचे नाव हवे कशाला? आणि नावाशिवाय तो उभा राहत नसेल, तर आपण लोकांना विचार देत नाही, दरारा देतो. फ्रान्सच्या मारी आंत्वानेतची गोष्ट घ्या. भाकरी नसेल तर लोकांनी केक खावा, असे ती म्हणाल्याचे आपण शाळेपासून ऐकतो. ती गोष्ट रूसोच्या आत्मचरित्रात एका 'थोर राजकन्येच्या' नावावर आहे, आणि रूसोने ती लिहिली तेव्हा ही बाई ऑस्ट्रियात परकर-पोलक्याच्या वयात होती. बिचारीला आणखी कारणे पुष्कळ होती. हे एक उगाच गळ्यात पडले.

परक्यांच्या बाबतीत आपण हे हसून ऐकतो. घरचा विषय निघाला की आवाज चढतात. ४ फेब्रुवारीला दिनविशेषात १६७० सालचा तानाजी मालुसऱ्यांचा पराक्रम आला. साहजिकच सुविचाराच्या जागी 'गड आला पण सिंह गेला' हे वाक्य आले. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीचेही तेच नाव. आता, कोंढाण्याला सिंहगड हे नाव त्या रात्रीमुळे मिळाले अशी आपली समजूत आहे. पण १६७० च्या आधीच्या पत्रव्यवहारातही 'सिंहगड' हे नाव आढळते, असे इतिहास संशोधकांनी दाखवून दिले आहे. मी वाक्य लिहिले आणि पुढे कंसात 'लोकपरंपरेनुसार' एवढा एकच शब्द घातला. त्या एका शब्दाने दोन दिवस वादळ उठले. कोणी तो कंस पुसून टाकला, मी पुन्हा लिहिला, तो पुन्हा पुसला गेला. तानाजीच्या शौर्याला माझ्या कंसाने तिळमात्र बाधा येत नाही. कडा चढला तो चढलाच. पण आपल्याला शौर्यापेक्षा संवाद अधिक प्रिय आहे की काय, अशी शंका मला तेव्हापासून येऊ लागली आहे.

जन्मदिवसांची कथा थोडी गमतीची. नाताळच्या सुटीआधी मी लिहिले : '२५ डिसेंबर – आयझॅक न्यूटन, जन्म १६४२.' सुटी संपल्यावर एका पुस्तकातून उतरवले : '४ जानेवारी – आयझॅक न्यूटन, जन्म १६४३.' प्रथम वर्षाचा एक विद्यार्थी रोज वही घेऊन फळ्यापुढे उभा असतो. तो स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. त्याने अगदी निष्पापपणे विचारले, "दादा, न्यूटन दोनदा जन्मला का हो?" मी शरमलो. पण खोदून पाहिले तेव्हा दोन्ही तारखा बरोबर निघाल्या! इंग्लंडचे जुने कॅलेंडर त्या काळी युरोपातल्या नव्या कॅलेंडरच्या दहा दिवस मागे होते. इंग्लंडने नवे स्वीकारले ते १७५२ साली. शेक्सपिअरची तर जन्मतारीख कुठे लिहिलेलीच नाही. २६ एप्रिल १५६४ ही त्याच्या बाप्तिस्म्याची नोंद आहे. तीन दिवस मागे जाऊन २३ एप्रिल ही लोकांनी सोयीने धरलेली तारीख. मृत्यूही २३ एप्रिललाच, त्यामुळे जुळणी छान झाली. आणि शिवजयंती? १६२७ की १६३०, वैशाख की फाल्गुन, हा वाद किती वर्षे चालला! महाराष्ट्र शासनाने २००१ साली १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली, तरी तिथीने उत्सव करणारे आजही आहेतच.

पण यात हसण्यासारखे काय आहे? माझ्या वडिलांची जन्मतारीख १ जून. दोन्ही काकांचीही १ जून. आमच्या गावात त्या पिढीतले निम्मे लोक १ जूनलाच जन्मलेले आहेत, कारण शाळेत नाव घालताना आई-बापांना तारीख सांगता आली नाही आणि गुरुजींनी वय अंदाजे धरून ती लिहून टाकली. आजीला विचारले तर ती सांगते, "तुझा बा पोळ्याच्या दुसऱ्या दिशी झाला, पाऊस मरणाचा होता." कागदावरच्या तारखेपेक्षा मला हे अधिक खरे वाटते. १ जूनला महाविद्यालय बंद असते म्हणून फळा कोरा राहतो. नाहीतर त्या दिवशी थोर माणसांसाठी जागाच उरली नसती.

राहिला 'आजचा शब्द'. येथे माझा अपराध सर्वांत मोठा आहे. पहिले चार-सहा महिने मी एकतर अवघड इंग्रजी शब्द लिहीत असे, नाहीतर कोणी कधी बोलत नाही असे संस्कृत शब्द. अधूनमधून एखादा चांगलाही साधला. कादंबरी हे बाणभट्टाच्या नायिकेचे नाव. ते मराठीत आणि कन्नडमध्ये एका साहित्यप्रकाराचेच नाव होऊन बसले. हिंदी-बंगालीवाले उपन्यास म्हणतात, गुजराती नवलकथा म्हणतात. आपण मात्र एका मुलीचे नाव घेतो. हे लिहिले त्या दिवशी तिघे-चौघे थांबून वाचताना मी पाहिले.

त्याच सुमारास वर्गात एक प्रसंग घडला. ग्रामीण कथेवर चर्चा चालू होती. मळणी कशी होत असे, असे सरांनी विचारले. एरवी कधी न बोलणारी एक मुलगी उठून सांगू लागली, की खळ्याच्या मधोमध तिवडा रोवायचा आणि त्याच्याभोवती बैलांची पात फिरवायची. 'तिवडा' म्हणताच मागच्या बाकांवर हशा पिकला. का, ते हसणाऱ्यांनाही सांगता येणार नाही. ती खाली बसली. सरांनी पुष्कळ आग्रह केला, पण त्यानंतर ती वर्गात बोलली नाही. हसणाऱ्यांत मीही होतो, हे येथे लिहून ठेवतो.

पुढे ग्रंथालयात दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' चाळायला घेतला. त्याचे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात निघाले आणि पुरवणी १९५० साली. त्यात तिवडा सापडला : खळ्याच्या मध्यभागचा खांब. मोल्सवर्थ साहेबाने १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश काढला आणि १८५७ साली तो वाढवून पुन्हा छापला. परदेशातून आलेल्या त्या माणसाने आपल्याकडचे बोलीतले शब्दही गोळा करून त्यात नोंदवले. आणि आम्ही त्याच मातीतले, घरातून आलेल्या शब्दाला हसतो. आज मळणी यंत्रावर होते. तिवडा कोणाच्या खळ्यात उरलेला नाही. वस्तू गेली, आता शब्द तेवढा राहिला आहे, तोही एका मुलीच्या तोंडी. तिलाच आम्ही गप्प केले.

तेव्हा मंडळापुढे मी सूचना ठेवली आहे. सुविचाराखाली नाव लिहाल तर कुठून घेतला तेही लिहा. सापडले नाही तर नाव गाळा. तारखेबद्दल मतभेद असेल तर दोन्ही तारखा लिहा, फळा तेवढा रुंद आहे. आणि आजचा शब्द फळा लिहिणाऱ्याने शोधून आणू नये, तो वाचणाऱ्यांनी आपापल्या घरून आणावा. एका प्राध्यापकांनी शंका काढली, की अशाने फळ्यावर शुद्ध भाषा राहणार नाही. यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी फक्त दुसऱ्या दिवशी 'तिवडा' हा शब्द लिहिला, अर्थ लिहिला आणि 'शब्द देणार' म्हणून त्या मुलीचे नाव लिहिले. अर्थात आधी तिला विचारून. ती "लिहा" म्हणाली, आणखी काही नाही.

दुपारी पाहतो तो खाली निराळ्या अक्षरात कोणीतरी खडूने लिहिले होते : 'आमच्याकडे याला मेढ म्हणतात.'